सायकलीची निगा व हातांचे शिक्षण

सायकलीच्या दुकानांतून एक मोठा गमतीचा शब्द रूढ आहे. पावसाळा सरला की पालक मुलाची सायकल दुकानात नेऊन सोडतात आणि सांगतात, "हिचे जरा ओव्हरऑइल करून ठेवा." मूळ इंग्रजी शब्द 'ओव्हरहॉल'. यंत्र पुरते उघडावे, त्याचा भाग न् भाग तपासावा, झिजलेला बदलावा आणि मग सारे पुन्हा जुळवावे, असा त्याचा अर्थ. परंतु 'हॉल' हा शब्द कानाला परका आणि 'ऑइल' ओळखीचा. तेव्हा लोकांनी परक्याला दारातूनच परत पाठविले व ओळखीच्याला घरात घेतले. शब्दांचे असे रूपांतर कोणत्याही जिवंत भाषेत घडतच असते आणि त्याबद्दल भाषा शिकविणाऱ्या आम्हांसही तक्रार नाही. आमची तक्रार निराळी आहे. शब्दाबरोबर अर्थही बदलला आणि सायकलीची निगा राखणे म्हणजे तिच्यावर तेल ओतणे, असा समज घरोघर पसरला.

या समजाविरुद्ध चार शब्द लिहावेत म्हणून आम्ही हा लेख हाती घेतला आहे. शाळेच्या वार्षिकांकात कथा, कविता व सहलवर्णने यांच्या पंक्तीला छर्रे आणि ग्रीस येऊन बसलेले पाहून काही वाचकांस आश्चर्य वाटेल. परंतु ज्या वस्तूवर बसून आमचे कितीतरी विद्यार्थी रोज शाळेत येतात, ती वस्तू शाळेच्या अंकात अगदीच परकी मानण्याचे कारण आम्हांस दिसत नाही. आमचे म्हणणे थोडक्यात असे : सायकल उघडून पाहणे, ती स्वच्छ करणे व योग्य जागी योग्य तेवढेच वंगण देणे ही खरी निगा होय, आणि सायकलीवर बसणाऱ्या प्रत्येक मुलाला व मुलीला ती स्वतःच्या हातांनी राखता आली पाहिजे. हे शिकविणे दुकानाचे नव्हे, शाळेचे काम आहे.

बेळगावकरांस तर या विषयाचे वावडे असू नये. आज साऱ्या देशात ज्यांचे पंप व इंजिने प्रसिद्ध आहेत, त्या किर्लोस्करांच्या उद्योगाचा आरंभ १८८८ साली याच गावातील एका सायकलीच्या दुकानाने झाला. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या तांत्रिक विद्यालयात यंत्रचित्रकला शिकवीत, म्हणजे तेही शिक्षकच. सायकलीच्या व्यापारातून व दुरुस्तीतून पुढे कडबा कापण्याची यंत्रे आली, लोखंडी नांगर आले आणि १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. सातासमुद्रापलीकडे अमेरिकेतील डेटन गावी राइट बंधूंचेही सायकलीचेच दुकान होते. १७ डिसेंबर १९०३ रोजी त्यांचे विमान उडाले, तेव्हा त्याचे पंखे फिरविण्यासाठी त्यांनी सायकलीसारख्याच साखळ्या वापरल्या होत्या. सायकल दुरुस्त करणारा प्रत्येक जण विमान उडवील, असे आम्ही म्हणत नाही. परंतु ज्याने यंत्र कधी उघडलेच नाही, त्याला नवे यंत्र सुचणे कठीण, एवढे म्हणण्यास हरकत नसावी.

आता सायकलीच्या पोटात डोकावू या. विद्यार्थ्यांनी एक साधा प्रयोग करून पाहावा. मेजावर जाड पुस्तक ठेवून एका बोटाने ढकलावे. मग त्याच पुस्तकाखाली चार गोल पेन्सिली आडव्या ठेवून पुन्हा ढकलावे. पहिल्या वेळी पुस्तक घासत सरकते, दुसऱ्या वेळी ते गडगडत जाते, आणि दोहोंना लागणाऱ्या जोरात किती अंतर आहे हे बोटालाच कळते. घासण्याऐवजी गडगडणे, हेच बॉल-बेअरिंगचे सारे रहस्य. पॅरिस येथील झूल सुरिरे याने १८६९ साली सायकलीसाठी अशा बेअरिंगचे पेटंट घेतले आणि त्याच वर्षी ७ नोव्हेंबर रोजी झालेल्या पॅरिस ते रूआँ या १२३ किलोमीटरच्या शर्यतीत जेम्स मूर हा स्वार बेअरिंगच्या सायकलीवरून पहिला आला. १८८३ साली जर्मनीतील श्वाइनफुर्ट गावच्या फ्रीड्रिश फिशर याने पोलादी गोळ्या एकसारख्या घासून घेणारे यंत्र तयार केले, आणि मग या गोळ्या मोठ्या संख्येने व स्वस्त होऊ लागल्या. १८८० साली हान्स रेनोल्ड याने बुशाची व रोलरची साखळी काढली, १८८५ साली स्टार्ली याची 'रोव्हर' सायकल आली आणि १८८८ साली डनलॉपची हवेची धाव. आपण आज ज्या सायकलीवर बसतो तिचा सांगाडा त्या काळात सिद्ध झाला, तो अद्याप फारसा बदललेला नाही.

दुकानदार या पोलादी गोळ्यांना छर्रे म्हणतात. आपल्याकडील बहुतेक साध्या काळ्या सायकलींत पुढील चाकाच्या हबमध्ये दोन्ही बाजूंस दहा-दहा, मागील हबमध्ये नऊ-नऊ आणि पेडलांच्या मधल्या आसाभोवती अकरा-अकरा छर्रे असतात. म्हणजे या तीनच ठिकाणी साठ झाले. हँडलाच्या गळ्यातले आणि दोन्ही पेडलांतले निराळेच. पुढील चाकातील छर्रा इंचाच्या तीन-सोळांश मापाचा, तर मागील चाकातील व मधल्या आसाचा पाव इंचाचा. स्वाराचे वजन, दप्तराचे ओझे व रस्त्याचे धक्के हे सारे या वाटाण्याएवढ्या गोळ्या सोसतात. प्रत्येक छर्रा आपल्या वाटीला व कोनाला अगदी टिपक्याएवढ्या जागेवर टेकतो. म्हणून त्या जागेवरील दाब प्रचंड असतो. तेथे ग्रीसचा पातळ थर असला तर लोखंड लोखंडाला सहसा भिडत नाही. तो थर गेला, त्या जागी पाणी वा धूळ शिरली, की गुळगुळीत कोनावर देवीच्या व्रणांसारखे खड्डे पडतात. मग चाक कुरकुर करू लागते आणि स्वार मात्र 'सायकल जड चालते' म्हणून टायरात हवा भरीत बसतो.

येथेच 'ओव्हरऑइल'चा दोष कळतो. आत ग्रीस असलेल्या हबमध्ये बाहेरून पातळ तेल ओतले तर ते ग्रीसला पातळ करून बाहेर वाहून नेते. चाक दोन दिवस सुरेख फिरते, आणि स्वाराला वाटते, काम झाले! वस्तुतः आतला पहारेकरी आपण स्वतःच हाकलून लावलेला असतो. जुन्या काही सायकलींच्या हबवर तेलासाठी छिद्र व त्यावर सरकती पट्टी असे. ती व्यवस्था थोडे थोडे तेल वरचेवर घालणाऱ्यांसाठी होती. ज्या हबला असे छिद्र नाही, त्याला ग्रीस हवे, आणि ते हब उघडूनच भरावे लागते.

साखळीचे शास्त्र याहून निराळे. तिला ग्रीस नको, पातळ तेल हवे. कारण तिची झीज बाहेरच्या पट्ट्यांवर होत नाही, ती आतल्या पिनेवर व बुशात होते. तेथे जाड ग्रीस पोहोचतच नाही. ते बाहेर चिकटून राहते आणि खानापूरकडील तांबडी धूळ गोळा करते. तेल व धूळ यांचे मिश्रण म्हणजे घासकामाचा मसालाच. म्हणून साखळी आधी कोरड्या फडक्याने पुसावी, फार मळली असल्यास जुन्या दात घासण्याच्या कुंचल्याने रॉकेल लावून धुवावी व पूर्ण वाळू द्यावी. मग पेडल उलटे फिरवीत खालच्या पट्टीतील प्रत्येक रोलरवर तेलाचा एकेक थेंब सोडावा. थोडा वेळ थांबावे, आणि शेवटी बाहेरचे तेल फडक्याने पुसून घ्यावे. हे शेवटचे पुसणे पुष्कळांस वेडेपणाचे वाटते : घातलेले तेल पुसायचे कशाला? परंतु आत गेलेले तेल काम करते व बाहेर राहिलेले तेल धूळ पोसते, हे एकदा समजले की हात आपोआप फडक्याकडे जातो.

एक चौकस विद्यार्थी विचारील, की तेलाने सायकल किती हलकी होते? या प्रश्नाचे उत्तर ऐकून पुष्कळांस नवल वाटते. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात १९९९ साली साखळीवर प्रयोग झाले. अनुकूल परिस्थितीत साखळीने पायांच्या शक्तीपैकी ९८.६ टक्के शक्ती चाकापर्यंत पोहोचविली. आणि साखळीला तेल दिले वा न दिले, तरी त्या प्रयोगात या आकड्यात म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. मग तेल कशाला, असे कोणी म्हणेल. याचे उत्तर असे, की प्रयोगशाळेतील साखळी स्वच्छ होती; तिच्यावर ना आषाढातला पाऊस पडला, ना वैशाखातली धूळ. तेल हे मुख्यतः वेगासाठी नसून आयुष्यासाठी आहे. ते झीज कमी करते, गंजाला अडविते आणि कड्या मोकळ्या ठेवते. हे कळले म्हणजे 'अधिक तेल, अधिक वेग' ही भाबडी समजूतही आपोआप गळून पडते.

तेल कोणते घालावे, याविषयीही घरोघर चमत्कारिक प्रघात आहेत. आम्हां कोकणी बोलणाऱ्यांच्या घरी खोबरेल तेल सदैव हाताशी. तेव्हा केसांचे जे औषध तेच सायकलीचे. परंतु खोबरेल सुमारे २४ अंशांखाली थिजते, आणि बेळगावच्या हिवाळ्यातील पहाट त्याहून पुष्कळच थंड असते. शिवाय स्वयंपाकाची तेले हवेने हळूहळू चिकट होत जातात. तळणीच्या कढईच्या कडेला बसणारा राप सर्वांनी पाहिलेला आहे. तोच राप साखळीत बसला तर काय होईल, हे निराळे सांगणे नको. रॉकेलने मळ निघतो, पण ते वंगण नव्हे. नुसते रॉकेल लावून सायकल सोडली तर ती कोरडीच राहते. फवाऱ्याच्या डब्यांतून मिळणाऱ्या पातळ द्रवांचेही तसेच. त्यांतील डब्ल्यूडी-४० हा प्रसिद्ध द्रव १९५३ साली पाणी हटवून गंज रोखण्यासाठी तयार झाला. त्याने ओली साखळी कोरडी करावी, परंतु त्यावर विसंबून न राहता नंतर तेल द्यावे. शिवणयंत्राचे वा सायकलीसाठी मिळणारे खनिज तेल साखळीला, आणि साधे बेअरिंगचे ग्रीस छर्ऱ्यांना, एवढी दोन वंगणे पुरेत. रॉकेल चुलीजवळ वापरू नये आणि पेट्रोल तर मुळीच वापरू नये, हे लहानांस मोठ्यांनी बजावून सांगावे.

मागील चाकावरील फ्रीव्हील हा आणखी एक निराळा जीव. पेडल थांबविले तरी चाक फिरत राहते व टक् टक् आवाज येतो तो त्याचाच. आत लहान खटके असतात. कारागीर त्यांना 'कुत्रे' म्हणतात, आणि नाव अगदी समर्पक आहे, कारण ते दातांत चावा घेऊन चाकाला पुढे ओढतात. यांना पातळ तेल हवे. कोणी उत्साहाने आत घट्ट ग्रीस भरले तर हे कुत्रे त्यात चिकटून बसतात, चावत नाहीत, आणि भर रस्त्यात पेडल नुसतेच गरकन फिरते. जे वंगण एका ठिकाणी अमृत तेच दुसऱ्या ठिकाणी विष, याचे याहून चांगले उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

आणि एक जागा अशी, की तेथे तेलाचा स्पर्शही नको. चाकाची कड व ब्रेकचे रबर, आणि नव्या सायकलींत ब्रेकची तबकडी, या ठिकाणी घर्षण हा शत्रू नसून रक्षक आहे. आमच्या परिचयाच्या एका कुटुंबातील आठवीतील मुलाची गोष्ट येथे सांगितली पाहिजे. त्याच्या सायकलीचा ब्रेक दाबताच किंचाळत असे. 'आवाज आला की तेल घालावे' एवढेच त्याच्या कानांवर आलेले. त्याने मोठ्या निष्ठेने दोन्ही ब्रेकांच्या रबरांवर तेल सोडले. आवाज थांबला. दुसऱ्या दिवशी उतारावर ब्रेक दाबला तेव्हा सायकल थांबली नाही. वळणावरील बांधावर आपटून त्याचा हात मोडला. समोरून मोटार आली नाही हे नशीब. घरच्यांनी काय केले? सायकल माळ्यावर टाकून दिली. आमच्या मते हा न्याय उलटा झाला. मुलगा निष्काळजी नव्हता. उलट, काळजी घेण्याचा त्याने प्रयत्न केला होता. काळजी कशी घ्यावी हे मात्र त्याला कोणी सांगितले नव्हते. सायकल माळ्यावर टाकल्याने त्याचे अज्ञान दूर झाले नाही, ते केवळ पायी चालू लागले. अज्ञानाची शिक्षा म्हणून साधन काढून घेणे सोपे असते. ज्ञान देण्यास मात्र रविवारची एक सकाळ खर्च करावी लागते.

अशा एका सकाळीत काय काय होऊ शकते, ते सांगतो. पुढील चाक काढावे, पातळ पान्याने एका बाजूचा कोन सोडवावा आणि खाली पसरलेल्या जुन्या धोतराच्या तुकड्यावर छर्रे मोजून घ्यावेत. वाटी व कोन पुसून त्यांवर बोट फिरवावे. खड्डा बोटाला लागतो. छर्रे बदलायचे तर त्या बाजूचे सर्व बदलावेत, कारण नवा छर्रा जुन्यांहून केसभर मोठा असला तरी सारा भार त्या एकट्यावर येतो. वाटीत ग्रीस भरून त्यात छर्रे बसवावेत. ठरलेल्याहून एक जास्त कोंबू नये. मग कोन इतपत आवळावा, की चाक आडवे हलविल्यास खडखडू नये, आणि उचलून धरल्यास व्हॉल्व्हची जड बाजू आपल्याच वजनाने सावकाश खाली येऊन थांबावी. हे जमण्यास पहिल्या वेळी बराच वेळ लागतो. चार वेळा सैल होते, चार वेळा घट्ट. परंतु आठव्या वेळी चाक मुकाट्याने वळून स्थिर होते तेव्हा मुलाच्या तोंडावर जो आनंद दिसतो, तो गणिताचे उत्तर जुळल्याच्या आनंदाच्या जातीचाच असतो. पेडल काढताना डावीकडील पेडलाचे आटे उलटे असतात, हे ज्याला पाना हाती घेऊन कळले, तो ते परीक्षेनंतरही विसरत नाही.

कंपासपेटीतील पट्टीसुद्धा येथे उपयोगी पडते. साखळीच्या दोन पिनांतील अंतर बरोबर अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर असते. तेव्हा चोवीस कड्या मोजल्या की नवी साखळी बरोबर बारा इंच भरते. झिजलेली साखळी वाढते. ती इंचाच्या सोळाव्या भागाने वाढली तर लक्ष ठेवावे, आठव्या भागाने वाढली तर बदलावी. नाही तर ती दातेरी चाकांचे दातही खाऊन टाकते, आणि थोडक्यात निभावणारा खर्च कितीतरी पट होतो. अपूर्णांक कशासाठी शिकावयाचे, असे विचारणाऱ्या विद्यार्थ्यास आम्ही यापुढे ही साखळी दाखविणार आहोत.

या शिक्षणाविरुद्ध दोन आक्षेप नेहमी येतात. पहिला असा, की दुकानात मिस्त्री बसलेले असताना मुलांनी हात काळे का करावेत? मिस्त्रींविषयी आम्हांस पूर्ण आदर आहे. वाकलेले चाक तारा ओढून सरळ करणे किंवा घट्ट बसलेली कॉटर-पिन काढणे हे त्यांचेच काम. परंतु ज्याला आपल्या सायकलीचे दुखणे कळते, तोच कारागिराला नीट सांगू शकतो आणि त्याच्या कौशल्याची किंमतही तोच जाणतो. शिवाय खेड्यातून येणाऱ्या मुलाला वाटेत साखळी उतरली तर मिस्त्री मैलोगणती सापडत नाही. गोव्याकडे पहाटे भोंगा वाजवीत पाव घेऊन फिरणारा पोदेर पाहावा. त्याच्या सायकलीला खाऱ्या वाऱ्याशी व पावसाशी रोजचा झगडा असतो. तिची चाके बंद पडली तर दारोदार पाव पोहोचत नाही. ज्याचे पोट सायकलीवर अवलंबून असते, त्याला तिची कुरकुर वेळेवर ऐकण्यावाचून गत्यंतर नसते.

दुसरा आक्षेप अभ्यासाचा. 'मुलाने पुस्तक सोडून पाना हाती घ्यावा काय?' असे विचारणाऱ्या पालकांस आमचा उलट प्रश्न आहे, की घर्षण हा धडा पाठ करून पूर्ण गुण मिळविणाऱ्या मुलाने ब्रेकवर तेल ओतले, तर त्या धड्याचे काय झाले? हातांना मान न देणारी विद्या अपुरी, ही गोष्ट आपल्या देशात नवी नाही. १९३७ साली वर्धा येथे गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाचा विचार मांडला. १९६४ ते १९६६ या काळात कोठारी आयोगाने कार्यानुभवाचा पुरस्कार केला. आणि २०२० सालच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांस दहा दिवस दप्तराविना घालवून स्थानिक कारागिरांकडून काम शिकण्याची सूचना केली. विचार तीनदा झाला. आता हात एकदा काळे होऊ देत.

मुलींविषयी तर आमचा विशेष आग्रह आहे. बिहार राज्याने २००६ साली नववीत जाणाऱ्या मुलींना सायकली देण्याची योजना काढली, आणि पुढे झालेल्या अभ्यासात असे दिसून आले, की तिच्यामुळे योग्य वयात माध्यमिक शाळेत दाखल होणाऱ्या मुलींचे प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढले. आपल्या कर्नाटकातही २००६-०७ सालापासून अनेक वर्षे आठवीच्या विद्यार्थ्यांना सायकली मिळत होत्या. सायकल ही मुलीसाठी शाळेपर्यंतचा रस्ताच होय. परंतु सायकल दिली जाते, ती राखण्याची विद्या दिली जात नाही. घरी सायकल नादुरुस्त झाली तर भाऊ दुकानात घेऊन जातो. बहीण मात्र 'कोणीतरी नेईल' म्हणून वाट पाहते, आणि त्या वाट पाहण्यात शाळेचे चार दिवस बुडतात. साखळी चढविणे, तिला तेल देणे, कोन आवळणे यांसाठी मोठे बळ लागत नाही. समज व सवय लागते. ती जिच्यापाशी आहे, तिला कोणाची वाट पाहावी लागणार नाही.

तेव्हा आमची सूचना अशी : वर्षातून दोन दिवस शाळेच्या पटांगणात सायकलींसाठी राखून ठेवावेत. पहिला दिवस शाळा उघडते त्या आठवड्यातला, म्हणजे पाऊस सुरू होण्यापूर्वी छर्ऱ्यांना नवे ग्रीस मिळेल. दुसरा दिवस खंडेनवमीच्या आधीचा, म्हणजे पाऊस सरल्यावर आत शिरलेले पाणी व चिखल बाहेर निघेल. गावातील एखाद्या अनुभवी मिस्त्रींस त्या दिवशी गुरुजी म्हणून सन्मानाने बोलवावे व त्यांचा योग्य मोबदला द्यावा. शाळेने पाच-सहा पाने, दोन पातळ कोनाचे पाने, थोडे ग्रीस, तेलाच्या दोन कुप्या व भरपूर चिंध्या एवढे साहित्य ठेवावे. आठवीच्या मुलामुलींनी शिकावे, नववीच्यांनी त्यांना शिकवावे. हल्लीच्या गिअरच्या काही सायकलींत बंद बेअरिंगे येतात. ती उघडावयाची नसतात, खराब झाली की बदलावयाची असतात. परंतु साखळी, ब्रेक व स्वच्छता यांचा अभ्यास त्या सायकलींसही चुकत नाही. फवाऱ्याच्या जोरदार पाण्याने सायकल धुण्याची आवड मात्र सर्वांनीच सोडावी, कारण ते पाणी मळ काढता काढता बेअरिंगात शिरते.

खंडेनवमीस आपण सायकल धुतो, तिला हळदकुंकू वाहतो, झेंडूची माळ घालतो. ही कृतज्ञता फार चांगली आहे आणि ती टिकावी, असेच आम्हांस वाटते. मात्र येत्या खंडेनवमीस, विद्यार्थिमित्रांनो, माळ घालण्यापूर्वी पुढील चाक एकदा उचलून फिरवून पाहा. ते खडखडले, तर त्याच सकाळी पाना घ्या, खाली फडके पसरा आणि दहा व दहा छर्रे मोजून काढा. घरातील वडील मंडळींनी 'राहू दे, दुकानात देऊ' असे न म्हणता शेजारी बसावे आणि लहानग्यांना छर्रे मोजू द्यावेत. पूजेला अर्धा तास उशीर झाला तरी चालेल.